व्यक्तिचित्र शिकताना: समोरच्या माणसाला काय दाखवायचंय?

माझ्या पहिल्या मोठ्या व्यक्तिचित्रासाठी शिवणकाम करणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. त्यांची संस्कृती चित्रात उतरली पाहिजे म्हणून मी त्यांना भरजरी वस्त्र नेसायला लावलं, जुने दागिने मागून आणले, मागे नक्षीचा पडदा टांगला. सहा बैठका झाल्या. चेहरा बऱ्यापैकी जमला. चित्र पुरं झाल्यावर त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “छान आहे. पण ही कोण?”

माणूस समोर येऊन बसायच्या आधीच मी त्याची ओळख ठरवून टाकली होती. या विषयाकडे वळणाऱ्या नवोदितांच्या चित्रांत मला हीच घाई सर्वांत जास्त दिसते, म्हणून सुरुवात तिच्यापासून केली.

त्या दिवसांत मला दोन चित्रांनी सावरलं. 1650 मध्ये स्पॅनिश चित्रकार व्हेलाझ्क्वेझनं रोममध्ये हुआन दे पारेहाचं व्यक्तिचित्र रंगवलं. पारेहा त्याच्या चित्रशाळेतला गुलाम मदतनीस. पण चित्रात पांढरी लेसची कॉलर, पोटाशी आडवा धरलेला हात आणि थेट आपल्यावर रोखलेली नजर. त्याच वर्षी व्हेलाझ्क्वेझनं पारेहाच्या गुलामीतून मुक्ततेच्या कागदावर सही केली. पारेहा पुढे स्वतः चित्रकार झाला आणि 1661 मध्ये संत मॅथ्यूच्या प्रसंगावरच्या आपल्या चित्रात डाव्या टोकाला त्यानं स्वतःला उभं केलं. हातात कागद, त्यावर स्वतःची सही. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून रेखाटा. मालकानं पाहिलेला माणूस आणि त्यानं स्वतः मांडलेला माणूस यांत काय बदललं, ते हाताला आधी कळतं. अमृता शेरगिलचं 1934 चं, स्वतःला ताहिती बेटावरची स्त्री म्हणून रंगवलेलं आत्मचित्रही बघा. मागच्या भिंतीवर पुरुषाची सावली आहे. बाई कुणाच्या नजरेखाली उभी आहे, हा प्रश्न त्या एका सावलीनं चित्रात येतो.

आता त्वचेबद्दल, कारण इथे मी वर्षं घालवली. ‘त्वचेचा रंग’ म्हणून मिळणारी ट्यूब बाजूला ठेवा, तो फार थोड्या माणसांचा रंग आहे. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा), यलो ऑकर (मातकट पिवळा), एक लाल आणि पांढरा एवढ्यावर बहुतेक त्वचा जमते. सावळ्या चेहऱ्यावर नवोदित दोन ठिकाणी हमखास अडतात. छाया गडद करायला काळा वापरतात आणि चेहरा मरगळतो. अंबर आणि अल्ट्रामरीनच्या मिश्रणातून येणारा गडद जिवंत राहतो. दुसरं म्हणजे उजेडाच्या जागी नुसता पांढरा मिसळतात, मग त्वचा राखेसारखी दिसते. गडद त्वचेवरची चमक प्रकाशाचा रंग घेते: खिडकीतून आकाशाचा उजेड येत असेल तर ती निळसर, दिव्याखाली पिवळसर. अमेरिकन चित्रकार एमी शेराल्ड तर त्वचा मुद्दाम करड्या छटांत रंगवते. 2018 मधलं मिशेल ओबामांचं व्यक्तिचित्रही तसंच आहे. वर्णाआधी माणूस दिसावा, म्हणून घेतलेला तो निर्णय आहे. पण ती वाट धरण्याआधी रंग मिसळायला शिका.

बैठक वीस-पंचवीस मिनिटांची ठेवा, मग विश्रांती. पायांच्या आणि खुर्चीच्या जागी चिकटपट्टीच्या खुणा करा. आणि बोला. पहिल्या बैठकीत मी हल्ली ब्रश उचलतच नाही. काय घालून बसायला आवडेल, हातात काय असावं, काय दिसू नये, एवढंच विचारते. शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. चित्र कुठे दाखवणार, विकणार का, हेही तेव्हाच सांगून लेखी संमती घ्या. नंतर विचारणं समोरच्याला अवघडून टाकतं.

त्या बाईंना मी वर्षभरानं पुन्हा बसायची विनंती केली. या वेळी त्या रोजच्या कपड्यांत आल्या, चष्मा लावून, गळ्यात मोजपट्टी. पट्टी काढायची का, असं मी विचारलं. “ती राहू दे,” त्या म्हणाल्या. सततच्या हाताळणीनं पट्टीवरचे सुरुवातीचे आकडे पुसले होते. शेवटची अख्खी बैठक मी त्या पुसट आकड्यांवर खर्च केली.