मूल जेवत नाही? आधी वाटणी करा

ताटात काय असेल, कधी वाढायचं आणि कुठे बसून जेवायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं ते मुलानं. घरातल्या सगळ्यांना ही वाटणी पटली की जेवणाच्या वेळची निम्मी भांडणं मिटतात. आम्ही इंदूरच्या रामबागेत राहतो. सून नोकरीला जाते, त्यामुळे दोन वर्षांच्या नातवाचं दुपारचं जेवण माझ्याकडे असतं. म्हणून हे आयांइतकंच आज्यांसाठीही लिहिते आहे.

आधी वय लक्षात घ्या. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या वेळेपेक्षा साधारण तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम 2 ते 2.5 किलो वाढतं. वाढ मंदावली की भूकही कमी होते. दहाव्या महिन्यात वाटीभर खिमट चाटूनपुसून खाणारं मूल दीड वर्षाचं झाल्यावर चार घासांत तोंड फिरवतं, तर ते आजारी नाही. वजन-उंचीच्या तक्त्यावर रेघ चढती असेल आणि पोर दिवसभर हुंदडत असेल तर वाटी घेऊन त्याच्या मागे धावू नका. वजन घटत असेल, गिळताना त्रास होत असेल किंवा ते सारखं मलूल असेल, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.

मग भूक जाते कुठे? बहुतेक वेळा दुधात आणि शेवेत. आमच्या इंदुरात पोह्यांवर शेव, भाजीत शेव, आणि पाहुणे आले की नमकीनची वाटी पुढे येतेच. मूल येता-जाता मूठ भरतं. नाश्ता आणि जेवण यांच्यामध्ये तीनेक तास पाण्याशिवाय काही देऊ नका. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा. त्यात लोह फार कमी असतं, आणि दुधानंच पोट भरलं तर अंगात रक्त कमी होतं.

मी ताट वाढते ते असं: दोन चमचे मऊ वरण-भात, वर साजूक तूप, पोळीचे बोटभर तुकडे आणि नखाएवढी गिलक्याची भाजी. तो भाजी उचलतो, चुरगळतो, हुंगतो, परत ठेवतो. मी काही बोलत नाही. नवी चव पसंत पडायला आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा ती ताटात यावी लागते. भुट्ट्याचा कीस बिनमिरचीचा केला तर मऊ लागतो, मुलं आवडीनं खातात. वीस-पंचवीस मिनिटांत ताट उचलायचं, चेहरा न पाडता.

मोबाईल दाखवून भरवू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं आहे की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. पडद्यावर डोळे खिळले की पोट भरल्याचं मुलाला कळत नाही. बंद केल्यावर पहिले काही दिवस रडारड होईल, पण घरातल्या सगळ्यांचे फोन जेवताना फ्रिजवर गेले तरच हे जमतं. आजोबांचाही.

रविवारी पोहे-जिलबी येते. तिचा छोटा तुकडा पोह्यांबरोबरच द्या. ‘पोळी संपव, मग जिलबी’ म्हटलं की पोळी शिक्षा होते आणि जिलबी बक्षीस.

एका बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. एक वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, त्यातून बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. परंपरा असली तरी नाही. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं पाच वर्षांपर्यंत देऊ नका, घशात अडकतात. दाण्याचं कूट चालतं, द्राक्षं उभी चिरून द्या.

आणि काहीच न खाता उठला तर? उठू द्या. नूडल्स करून देऊ नका, बिस्किटाचा पुडाही काढू नका. चारच्या सुमारास केळं किंवा उपमा असतोच, तो त्याच्या वेळेवर द्या.