स्क्रीन थिजते, गाणं मात्र चालू
ऐरोलीत घरून काम करताना माझ्या लॅपटॉपची स्क्रीन मध्येच थिजायची. माऊसचा बाण जागच्या जागी, गाणं मात्र चालूच. असं झालं तर लगेच रॅम वाढवायला धावू नका. आधी संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर घ्या. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. बीप वाजते, स्क्रीन क्षणभर काळी होते, ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघड्या फाइली सहसा शाबूत राहतात. मग इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतल्या सिस्टिम लॉगमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद शोधा. ती असेल तर ड्रायव्हर अडकला होता आणि विंडोजने तो रीसेट केला, हे पक्कं. त्रास अपडेटनंतरचा असेल, तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून 'रोल बॅक ड्रायव्हर' करा, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत येईल. माझं तेवढ्यावर भागलं. ते बटण पुसट दिसलं, तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलचा ड्रायव्हर टाका.