कॅश फिरता फिरता साफ करायची असेल तर

बडोद्यात अलकापुरीतल्या आमच्या ऑफिसात आम्ही औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याचं बिलिंग सांभाळतो. दर सारखे डेटाबेसमधून आणायला नकोत म्हणून मी जावात एक छोटी कॅश (आणलेली माहिती काही वेळ हाताशी धरणारा साठा) लिहिली. आत साधा हॅशमॅप, म्हणजे कीवरून व्हॅल्यू शोधून देणारी रचना. औषधाचा कोड ही की, तर दर आणि मुदत संपायची वेळ मिळून व्हॅल्यू. मुदत १५ मिनिटांची, आणि दर मिनिटाला एक सफाईचं काम सगळ्या नोंदींवरून फिरून शिळ्या नोंदी काढणार. ती चालू केली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, नवरात्र म्हणून सगळे गरब्याला लवकर निघत असताना, व्यापाऱ्याचा फोन आला: बिलावर कालचाच दर पडतोय.

सफाईचा लूप मी फॉर-ईचने लिहिला होता आणि शिळी नोंद दिसली की तिथेच मॅपची रिमूव्ह बोलावली होती. पहिली नोंद निघाली आणि पुढच्याच पावलावर कॉन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन ('एकाच वेळी बदल झाला' असं सांगणारी जावाची चूक) आलं. ते काम शेड्यूल्ड एक्झिक्युटरवर ठरावीक अंतराने चालत होतं. अशा कामातून एक्सेप्शन बाहेर पडलं, की एक्झिक्युटर ते काम पुन्हा चालवतच नाही, आणि मुद्दाम विचारल्याशिवाय सांगतही नाही. म्हणजे सफाई आदल्या दिवशीच बंद पडली होती. म्हणून आधी दोन गोष्टी करा. सफाईचं सगळं काम चूक पकडणाऱ्या ट्राय-कॅचमध्ये घाला आणि चूक लॉगमध्ये लिहा. आणि नोंद वाचून देणाऱ्या गेटमध्येही मुदत तपासा. शिळा दर न देण्याची जबाबदारी एकट्या सफाईवर टाकू नका.

आमच्याकडच्या ट्रेनीने विचारलं, "ताई, सगळ्या मेथड सिंक्रोनाइज्ड आहेत, एका वेळी आत एकच थ्रेड. मग हे कॉन्करंट कुठून आलं?" प्रश्न अगदी बरोबर होता. नावामुळे तसं वाटतं, पण या एक्सेप्शनला दुसरा थ्रेड (समांतर चालणारं काम) लागत नाही. हॅशमॅप मॉडकाउंट नावाचा एक आकडा ठेवतो. नोंद वाढली किंवा गेली की तो एकाने पुढे सरकतो. इटरेटर, म्हणजे नोंदींवरून एकेक करत फिरणारा, जन्मताना तो आकडा टिपून घेतो आणि दर वेळी नेक्स्ट मागितलं की जुळवून बघतो. फॉर-ईचच्या आतही इटरेटरच असतो, फक्त तो आपल्या हातात येत नाही. मॅपमधून परस्पर नोंद काढली की आकडे जुळत नाहीत. इटरेटरच्या स्वतःच्या रिमूव्हने काढली, तर तो आपला टिपलेला आकडाही सुधारून घेतो.

टेस्टमध्ये हे सापडलं नाही, कारण टेस्टच्या कॅशमध्ये मी एकच नोंद घातली होती. ती काढली, पुढे नोंदच नाही, 'पुढे नोंद आहे का' सांगणाऱ्या हॅजनेक्स्टने नाही म्हटलं, लूप संपला. नेक्स्ट पुन्हा बोलावलंच गेलं नाही, तर आकडा जुळवणार कोण? अशा टेस्टमध्ये किमान तीन नोंदी घाला, आणि तिन्ही शिळ्या.

दुरुस्ती अशी. एन्ट्रीसेटकडून (मॅपमधल्या की-व्हॅल्यू जोड्यांच्या संचाकडून) इटरेटर मागा, हॅजनेक्स्ट खरं आहे तोवर व्हाइल लूप चालवा, नेक्स्ट एकदाच बोलावून एन्ट्री व्हेरिएबलमध्ये धरा, मुदत संपली असेल तर इटरेटरची रिमूव्ह बोलावा. की साठी एक नेक्स्ट आणि व्हॅल्यूसाठी दुसरं, असं कधीही लिहू नका. दोन वेगवेगळ्या नोंदी हातात येतात. आत्ताची वेळ लूपच्या आधी एकदाच घ्या, म्हणजे सगळ्या नोंदी एकाच घड्याळावर तपासल्या जातील. जावा ८ पासून हे सगळं एन्ट्रीसेटवर रिमूव्हइफ लिहून एका ओळीत होतं. मी आता तेच लिहिते.

एलआरयू कॅश (सगळ्यात आधी वापरलेली नोंद पहिली काढणारी) असेल तर जास्त जपा. लिंक्डहॅशमॅपच्या कन्स्ट्रक्टरला तिसरं आर्ग्युमेंट ट्रू दिलं की नोंदी वापराच्या क्रमाने लागतात. मग नुसतं गेट केलं तरी नोंद शेवटी सरकते, आणि तो बदलच धरला जातो. म्हणजे कीसेटवर फिरत प्रत्येक कीचं गेट केलंत, तर काहीही न काढता तेच एक्सेप्शन येतं. एन्ट्रीसेटवर फिरून व्हॅल्यू तिथूनच घ्या. त्याने क्रमही हलत नाही.

अनेक थ्रेड असतील तर कॉन्करंटहॅशमॅप घ्या. त्याचा इटरेटर हे एक्सेप्शन देत नाही. फिरताना झालेले बदल त्याला दिसतील किंवा दिसणारही नाहीत. पण इथे त्याची रिमूव्ह कीवरून काढते. सफाईने शिळा दर पाहिला आणि त्याच क्षणी बिलिंगने नवा घातला, तर नवाच उडतो. दर चुकत नाही, डेटाबेसची एक फेरी वाढते. तरी मी की आणि व्हॅल्यू दोन्ही मागणारी रिमूव्ह वापरते. ती व्हॅल्यू बदलली असेल तर नोंदीला हात लावत नाही.

कॅशला स्वतःचा इटरेटर द्यायचा असेल, तर क्लासला इटरेबल करा म्हणजे वापरणाऱ्याला आत काय आहे ते कळायची गरज उरत नाही. फक्त ताज्या नोंदी दाखवायच्या, तर हॅजनेक्स्टला पुढची ताजी नोंद आधीच शोधून बाजूला धरावी लागते. ती लागोपाठ दोनदा बोलावली तरी एकच पाऊल पडलं पाहिजे. नोंद नसताना नेक्स्ट मागितलं तर नोसचएलिमेंटएक्सेप्शन द्या. रिमूव्ह मात्र देऊ नका. आतला इटरेटर एक नोंद पुढे गेलेला असतो, त्यामुळे वापरणाऱ्याने अजून पाहिलीच नाही ती नोंद निघून जाते. जावा ८ पासून रिमूव्ह लिहिलीच नाही तर अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन आपोआप येतं.

आणि ट्रेनीच्या सिंक्रोनाइज्डबद्दल: इटरेटर देणारी मेथड सिंक्रोनाइज्ड असली तरी ती परतली की लॉक सुटतं. पुढचं सगळं फिरणं लॉकबाहेर होतं. आमच्या दरांच्या रिपोर्टला म्हणून मी लॉकमध्येच व्हॅल्यूंची नवी अ‍ॅरेलिस्ट करून तिचा इटरेटर देते. आमच्या दरयादीएवढ्या नोंदींना ती नक्कल परवडते.