झिओलाइटचे स्फटिक: खदानीतून कपाटापर्यंत

नागपूरच्या पश्चिमेला हिंगणा, काटोल, कळमेश्वरकडे काळा बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा दगड आहे. झिओलाइट ही आत पाणी धरून ठेवणारी खनिजं त्याच्या पोकळ्यांत वाढतात. शोध घ्यायचा तो तिथल्या गिट्टीच्या खदानीत, मालकाला विचारून आणि उभ्या कड्यापासून लांब राहून. मोठे, देखणे नग मात्र बहुतेक जळगाव, नाशिक, पुण्याकडचे असतात. ते विकत घेण्यात कमीपणा नाही.

पोकळी दिसली की छन्नी तिच्या काठावर लावू नका. चार बोटं सोडून सभोवती खाच पाडा, दगडासकट तुकडा सुटू द्या. काठावर घाव बसला की हादरा थेट स्फटिकात जातो, आणि अ‍ॅपोफिलाइट (झिओलाइटसोबत सापडणारं खनिज) तर आडवा सपाट चिरतो. डोळ्यांवर चष्मा हवाच. घरी नेताना स्कोलेसाइट या झिओलाइटच्या सुयांना कापूस लावू नका, तंतू अडकून बसतात. दगडाचा तळ डब्यात कागदाने घट्ट करा, वरचा भाग मोकळा ठेवा.

खरी नासाडी घरी होते, धुताना. टॉयलेट क्लीनर किंवा मुरिअ‍ॅटिक अ‍ॅसिड (हायड्रोक्लोरिक आम्ल) वापरलं की सोबतचा कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिज, विरघळतो, स्टिल्बाइट या झिओलाइटची मोत्यासारखी झळाळी जाते. साधं पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण, मऊ टूथब्रश एवढंच पुरे. बोअरचं पाणी वाळताना पांढरे डाग सोडतं, म्हणून शेवटचं विसळणं बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने करा. पाणी गरम नको.

गंजाचे पिवळे डाग फक्त क्वार्ट्झ (गारगोटी) किंवा त्याचाच जांभळा प्रकार अ‍ॅमेथिस्टवर असतील तरच ऑक्झॅलिक अ‍ॅसिड: लिटरभर पाण्यात साधारण 60 ग्रॅम, प्लास्टिकच्या टबात, हातमोजे घालून. हे विषारी आहे, स्वयंपाकघरात नको. कॅल्साइट किंवा झिओलाइट सोबत असेल तर कॅल्शिअम ऑक्झलेटचा पांढरा थर बसतो आणि तो सहजी निघत नाही. नंतर काही दिवस रोज पाणी बदलत भिजवा, नाहीतर पिवळसर पापुद्रा धरतो.

उन्हाळ्यात सर्वांत आधी लॉमोन्टाइट हा झिओलाइट सांभाळा. मे महिन्याच्या कोरड्या हवेत त्याच्यातलं पाणी उडतं, आधी तो पांढरा पडतो, मग बोट लावताच भुगा. हवाबंद डब्यात ओल्या स्पंजचा तुकडा ठेवा, नगाला टेकू न देता. महिन्यातून एकदा स्पंज ओला आहे का, बुरशी धरली का, ते पाहा. अ‍ॅमेथिस्ट खिडकीपाशी ठेवू नका, जांभळा रंग उन्हाने उतरतो.