जर्मन शिकायला सुरुवात करताना या चुका टाळा

जर्मनचा ए-१, म्हणजे अगदी पहिला स्तर शिकवताना दर नव्या तुकडीत त्याच चुका त्याच क्रमाने होताना पाहून मी आता कंटाळले आहे. यांतील बऱ्याच चुकांचे मूळ एकच आहे: आपण मध्ये इंग्रजीला बसवून जर्मन शिकतो आणि जिथे मराठी अधिक जवळची असते तिथेही तिला विचारत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे नाम त्याच्या आर्टिकलशिवाय, म्हणजे त्याआधी येणाऱ्या लिंगदर्शक शब्दाशिवाय, पाठ करणे. माझ्या एका विद्यार्थिनीने दिवाळीच्या सुट्टीत दोनशे पानी वही नामांनी भरून आणली आणि मोठ्या अभिमानाने माझ्यासमोर ठेवली, पण तिच्यात एकाही शब्दाआधी डेर (पुल्लिंगी), डी (स्त्रीलिंगी) किंवा डास (नपुंसकलिंगी) नव्हते. ‘ते नंतर बघू’ असे तिचे म्हणणे होते. पुढे द्वितीया विभक्ती आली, जिच्यात एकवचनात केवळ पुल्लिंगी आर्टिकल बदलते, डेरचे डेन आणि आइनचे (‘एक’) आइनेन होते, तेव्हा मुळात पुल्लिंगी कोण हेच ठाऊक नसल्याने तिला शब्दकोश घेऊन पहिल्या पानापासून पुन्हा बसावे लागले. चमचा डेर ल्योफेल, काटा डी गाबेल आणि सुरी डास मेसर, अशी एका ताटाशेजारी तीन लिंगे नांदतात; तिथे अंदाज चालत नाही. मराठीतही तीन लिंगे आहेत म्हणून तीच उचलून नेऊ नयेत, कारण आपला सूर्य तिकडे डी झोने, म्हणजे स्त्रीलिंगी आहे. मी स्वतः अजूनही पुल्लिंगी नाम निळ्या, स्त्रीलिंगी लाल आणि नपुंसकलिंगी हिरव्या शाईने लिहिते. शब्द -उंग, -हाइट किंवा -काइटने संपला तर तो स्त्रीलिंगी आणि लघुत्वदर्शक -शेनने संपला तर नपुंसकलिंगी, एवढे मात्र डोळे मिटून धरावे. मेडशेन, म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी कशी, यावर वर्गात दरवेळी हशा पिकतो. ‘ते पोरगे’ म्हणणाऱ्यांनी तरी हसू नये.

दुसरी चूक माझ्या विशेष रागाची आहे. थंडी वाजते हे सांगायला विद्यार्थी इंग्रजीवरून ‘इश बिन काल्ट’ म्हणतात आणि स्वतःला भावनाशून्य ठरवून मोकळे होतात. योग्य वाक्य ‘मिर इस्ट काल्ट’ असे आहे आणि त्यातील ‘मिर’ म्हणजे आपला ‘मला’. ‘मला हे पुस्तक आवडते’ याचे ‘डास बूख गेफेल्ट मिर’ होते. पुस्तके अनेक झाली की मराठीत ‘आवडतात’ होते, तसे जर्मनमध्ये ‘गेफालेन’ होते. हा सांधा सर्वत्र जुळत नाही, कारण ‘मला भूक लागली आहे’ याला ‘इश हाबे हुंगर’ असेच म्हणावे लागते. पण आवडण्याच्या आणि थंडी वाजण्याच्या वाक्यांत तरी आधी मराठीत विचार करावा.

वाक्याची सुरुवात ‘आज’ने केली तरी क्रियापद दुसऱ्याच जागी राहते: हॉयटे गेहे इश (आज मी जाते), ‘हॉयटे इश गेहे’ नव्हे. ‘वाइल’ने, म्हणजे ‘कारण’ने, सुरू होणाऱ्या उपवाक्यात मात्र ते शेवटी जाते, मराठी माणसाने याची भीती बाळगावी हे मला कधीच कळलेले नाही.

एका ठिकाणी मात्र मराठी आपल्याला फसवते. ‘स्वयंपाकघरात आहे’ आणि ‘स्वयंपाकघरात जातो’ या दोन्हींना आपण एकच ‘त’ लावतो आणि प्रश्नही ‘कुठे’ असा एकच विचारतो. जर्मन ‘वो’ आणि ‘वोहिन’ असे दोन प्रश्न विचारते आणि त्याप्रमाणे स्थिर असताना ‘इन डेर क्युशे’, तर आत जाताना ‘इन डी क्युशे’ म्हणते. महिन्याभरात जर्मन बोलण्याची घाई असलेले हे सोडून देतात आणि मग ‘इन डेर क्युशे’मधले ‘डेर’ पाहून स्वयंपाकघर पुल्लिंगी कधी झाले, असे मला विचारतात.

नामाचे पहिले अक्षर मोठे लिहावे. स्वरांवरील दोन टिंबे गाळू नयेत: ‘श्योन’ म्हणजे सुंदर आणि टिंबांविना ‘शोन’ म्हणजे आधीच.