एअरबॅगचा लाईट जात नाहीये? कोड पुसायच्या आधी सीटखाली बघा

इग्निशन ऑन केलं की मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा, तोच तो बसलेल्या माणसापुढे गोल फुगा दाखवलेला, पाच-सहा सेकंद पेटतो आणि विझतो. तेवढ्या वेळात ती सिस्टीम स्वतःची तपासणी करून घेते. दिवा विझलाच नाही किंवा गाडी चालवताना परत पेटला तर एअरबॅगच्या कंट्रोल युनिटला कुठेतरी दोष सापडलाय आणि तो त्याने कोड म्हणून मेमरीत नोंदवून ठेवलाय असं समजा. अशा वेळी धडक झाली तर एअरबॅग उघडेलच याची खात्री नाही, बऱ्याच गाड्यांत दिवा लागलेला असताना अख्खी सिस्टीमच बंद राहते. तरी लोक "गाडी तर चालतेय ना" म्हणून महिनोन् महिने तशीच फिरवतात, बाजूच्या सीटवर घरचं माणूस बसवून, आणि मला हे अजिबात पटत नाही.

याउलट इग्निशन ऑन केल्यावर दिवा एक सेकंदही पेटत नसेल तर ते जास्त वाईट. एक तर दिव्यातच बिघाड आहे नाहीतर तो कुणीतरी मुद्दाम काढलाय. जुनी गाडी घेताना हे पहिल्या मिनिटात बघायचं.

आता आधी चुकीचे सल्ले बाजूला करू, कारण हे रोज कुणी ना कुणी कुणाला तरी देत असतं. "बॅटरी रात्रभर काढून ठेव, लाईट जाईल" हा पहिला. बहुतेक गाड्यांत एअरबॅगचे कोड अशा मेमरीत असतात की बॅटरी काढून ते पुसले जात नाहीत, तुमचं घड्याळ आणि रेडिओचं सेटिंग तेवढं जातं. दुसरा म्हणजे ओबीडी सॉकेटच्या, म्हणजे स्कॅनर जोडतात त्या सॉकेटच्या, दोन पिना यू-पिनने जोडायच्या. काही जुन्या गाड्यांत अशी पद्धत होती हे खरं, पण त्या सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेवर कायम बॅटरीचा प्लस असतो आणि ४ आणि ५ वर अर्थ, चुकीची जोडी धरली की फ्यूज गेला. आणि तिसरा सगळ्यात घातक, तो म्हणजे एअरबॅगच्या वायरला दोन ओहमचा रेझिस्टर लावून दिवा घालवायचा. युनिटला वाटतं एअरबॅग जागेवर आहे, आणि तिथे एअरबॅग नसतेच. असं काम करून देणाऱ्याला गाडीला हातसुद्धा लावू देऊ नका.

स्कॅनर: स्वस्तातलं मोबाईलला जोडायचं ब्लूटूथ रीडर ईएलएम ३२७ इथे उपयोगाचं नाही, ते इंजिनचे पी ने सुरू होणारे कोड वाचतं. एअरबॅगचे कोड बी ने सुरू होतात आणि त्यासाठी एसआरएस, म्हणजे एअरबॅगची सिस्टीम, वाचणारा स्कॅनर लागतो. लॉन्च, ऑटेल यांचे एबीएस-एसआरएसवाले मॉडेल येतात, घ्यायच्या आधी तुमची गाडी त्यांच्या यादीत आहे का ते बघा, मारुती बऱ्याचदा सुझुकी नावाखाली सापडते. विकत घ्यायचा नसेल तर ओळखीच्या वायरमनकडून नुसते कोड वाचून घ्या. पण त्याला आधीच बजावा की कोड पुसू नको, फोटो काढू दे. कारण बरेच जण वाचल्या वाचल्या क्लिअर दाबतात, दिवा दोन दिवस जातो, परत येतो, आणि दोष कुठे होता हे सांगणारी माहिती मात्र गेलेली असते.

कोड वाचताना नंबरइतकंच त्यापुढचं वर्णन महत्त्वाचं असतं. दोष करंट आहे की हिस्ट्री ते बघा. करंट म्हणजे आत्ता या क्षणी आहे, तो पुसला तरी पुसला जाणार नाही. हिस्ट्री म्हणजे येऊन गेला, म्हणजे बहुतेक वेळा कुठेतरी लूज आहे. मग जागा बघा, ड्रायव्हर एअरबॅग, पॅसेंजर, साईड एअरबॅग की सीटबेल्टचा प्रिटेन्शनर, म्हणजे धडकेत बेल्ट आवळणारा भाग. आणि मग प्रकार. हाय रेझिस्टन्स किंवा ओपन असेल तर कनेक्टर सैल किंवा वायर तुटलेली. लो रेझिस्टन्स किंवा शॉर्ट असेल तर कनेक्टर पूर्ण बसलेला नाही किंवा वायर कुठेतरी दाबली गेलीय. शॉर्ट टू ग्राउंड म्हणजे वायरचं वरचं आवरण सोलून ती सीटच्या रेलला किंवा बॉडीला टेकतेय. कोड लो व्होल्टेजचा असेल तर काही उघडू नका, आधी बॅटरी तपासा, रात्रभर उभ्या गाडीला साधारण १२.६ व्होल्ट हवेत आणि इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५ च्या आसपास. बॅटरी बसली, जंप देऊन गाडी चालू केली आणि तेव्हापासून एअरबॅगचा दिवा लागलाय, ही तक्रार खूप कॉमन आहे.

आता हात घालायच्या आधी. इग्निशन बंद, चावी बाहेर, दहाच्या पान्याने बॅटरीची मायनस काढा आणि थांबा. युनिटच्या आत कॅपॅसिटर असतो, धडकेत बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून, आणि तो रिकामा व्हायला वेळ लागतो. कुठली कंपनी ९० सेकंद सांगते, कुठली तीन मिनिटं. मी दहा मिनिटं थांबतो, चहा पिऊन येतो. एअरबॅगचा कुठलाही पिवळा कनेक्टर सुटलेला असताना बॅटरी जोडून इग्निशन ऑन करायचं नाही, नवीन कोड पडतो आणि आधीचा कुठला, आताचा कुठला हे कळेनासं होतं. आणि मल्टीमीटरचं ओहम लावून एअरबॅग किंवा प्रिटेन्शनर मोजायचा नाही. मोजताना मीटर स्वतः करंट सोडतो आणि आत स्फोटक असतं, फक्त फुगा नसतो. "मी मोजलं, काही झालं नाही" असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

आता खरं काम, सीटखालचा पिवळा कनेक्टर. माझा सगळ्यात जास्त वेळ ज्या एका गोष्टीत गेलाय ती हीच, कारण कनेक्टर बघायला बसलेला दिसतो, हाताला घट्ट लागतो, आणि तरी दोष त्याच्यातच असतो. ज्या गाडीत सीटच्या पाठीत साईड एअरबॅग आहे किंवा बकलला प्रिटेन्शनर आहे तिथे ही वायर सीटखालून जाते. सीट रोज पुढे-मागे होते, मागे बसलेल्याचे पाय तिथे लागतात, वॉशिंगवाला व्हॅक्यूमचा पाईप खुपसतो, आपण छत्री आणि पाण्याची बाटली तिथेच सारतो. शिवाय नवीन सीट कव्हर घालताना सीट काढलेली असते आणि घाईत कनेक्टर अर्धवट लावला जातो. (कव्हर घेताना साईड एअरबॅगची शिवण मोकळी आहे का तेही बघा, पाठीवर पूर्ण आवळून बसणारं कव्हर अशा सीटला घालायचंच नाही.)

सीट पूर्ण मागे घ्या, पुढून टॉर्च मारून बघा, मग पूर्ण पुढे घेऊन मागून बघा. पॉवर सीट असेल तर हे बॅटरी काढायच्या आधी करून ठेवा. वायर कुठल्या टोकाला ताणली जातेय, रेलमध्ये येतेय का, मूळ क्लिपमधून निसटून लोंबतेय का ते नीट पाहा. मग कनेक्टर. त्याला साधारणपणे दोन लॉक असतात, एक जे टक्क आवाज करून बसतं आणि वर एक छोटी सरकपट्टी. ही सरकपट्टीच तुम्हाला खरं काय ते सांगते. कनेक्टर शेवटपर्यंत गेला नसेल तर ती पूर्ण सरकत नाही, एक-दोन मिलीमीटर बाहेर राहते. लोक तिला अंगठ्याने रेटतात, ती तुटते, मग वरून टेप गुंडाळतात. असं करू नका, पट्टी अडली तर दोन्ही लॉक सोडून कनेक्टर पूर्ण काढा.

काढल्यावर आत बघा. एअरबॅगच्या कनेक्टरमध्ये पितळी रंगाची एक बारीक स्प्रिंगसारखी पट्टी असते. कनेक्टर सुटला की ती दोन्ही पिना आपसात जोडते, म्हणजे अंगावरच्या स्टॅटिकने एअरबॅग चुकून फुटू नये. कनेक्टर शेवटपर्यंत बसला तरच समोरचं प्लास्टिक त्या पट्टीला उचलतं. आता लक्षात येईल की थोडासाच बाहेर राहिलेला कनेक्टर शॉर्टचा कोड का देतो, वायर ठीक, एअरबॅग ठीक, पण पट्टी अजून टेकलेली. म्हणून त्या पट्टीला टाचणी, स्क्रू ड्रायव्हर, काही लावायचं नाही, ती एकदा वाकली की कनेक्टर बदलण्याशिवाय इलाज नाही. पिना हिरव्या किंवा काळपट दिसत असतील तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लिनरचा एक फवारा, पूर्ण सुकू द्या, बस. सँडपेपर नको, पेट्रोल नको, आणि बिजागरीला मारतो तो गंज काढायचा स्प्रे तर नकोच, त्याचा तेलकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसते.

परत लावताना सरळ दाबा, टक्क आवाज ऐका, मग सरकपट्टी. ती बोटाच्या टोकाने अलगद आत गेली पाहिजे. वायर मूळ क्लिपमध्ये अडकवा, क्लिप तुटली असेल तर झिप टाय लावा, पण सीट पूर्ण मागे आणि पूर्ण पुढे जाईल इतकी ढील ठेवून. वायर सोललेली किंवा उंदराने कुरतडलेली सापडली तर पीळ मारून टेप लावायची नाही. या सर्किटचं सगळं रेझिस्टन्सच दोन-तीन ओहमच्या घरात असतं, एक कच्चा जोडसुद्धा युनिटला लगेच कळतो, आणि धडकेच्या क्षणी तोच जोड दगा देऊ शकतो. तेवढं वायरिंग बदलून घ्या.

दोनच एअरबॅगवाली साधी गाडी असेल तर सीटखाली बहुतेक वेळा पिवळं काही सापडणार नाही. तिथे प्रिटेन्शनर बहुतेक दोन दारांमधल्या खांबात खाली असतो, आणि संशय जास्त करून स्टिअरिंगवर जातो. ड्रायव्हर एअरबॅग ओपनचा कोड, सोबत हॉर्न मधेच वाजत नाही, स्टिअरिंगवरची बटणं चालत नाहीत, वळताना दिवा लागतो, एवढं जुळलं तर क्लॉक स्प्रिंग गेलीय. स्टिअरिंगच्या मागे गुंडाळलेली ती चपटी केबल, गाडीत जितक्या वेळा वळण घेतलं तितक्या वेळा ती उलगडते आणि गुंडाळते.

हे काम घरी करू नका. त्यासाठी ड्रायव्हरची एअरबॅग बाहेर काढावी लागते आणि ती तुमच्या तोंडापासून हातभर अंतरावर असते. नवीन केबल बरोबर मध्यावर आणून, चाकं सरळ ठेवून बसवावी लागते, एका बाजूला जास्त गुंडाळलेली बसली तर पहिल्या फुल टर्नला तुटते. गॅरेजमध्ये उभे असाल तर एवढं बघा, काढलेली एअरबॅग कव्हरची बाजू वर करून ठेवली पाहिजे, पालथी नाही.

पावसाळ्यात दिवा लागला असेल तर पायाखालचं मॅट उचलून कार्पेट दाबून बघा. एसीची ड्रेन नळी चोंदली की पाणी पॅसेंजरच्या पायाशी उतरतं, सनरूफची ड्रेन चोंदली तरी आत येतं, आणि एअरबॅगचं युनिट बऱ्याच गाड्यांत गिअरजवळ मधल्या बोगद्यावर, म्हणजे जमिनीलगतच असतं. आधी पाणी कुठून येतंय ते थांबवा, कार्पेट सुकवा, मग बाकीचं. गाडी सीटपर्यंत पाण्यात बुडाली असेल तर घरचे प्रयोग नकोत, टो करून न्या.

कोड पुसणं हे सगळ्यात शेवटी. बॅटरी जोडताना गाडीत कुणी बसू नये. मग दारातून, बाजूला उभं राहून इग्निशन ऑन करा, दिवा पाच-सहा सेकंदांनी विझतोय का बघा, स्कॅनरने क्लिअर करा, बंद करून परत ऑन करा, परत वाचा. करंट कोड उरला तर तुमचा दोष सापडलेला नाही, दहा वेळा क्लिअर दाबून काही होणार नाही. कोड क्रॅश डेटाचा असेल तर तो साध्या स्कॅनरने पुसला जात नाही, गाडीला धडक होऊन गेलीय, आणि जुनी गाडी असेल तर विकणाऱ्याला विचारायचे प्रश्न तुम्हाला मिळालेत.

कोड गेला की खराब रस्त्यावर एक चक्कर मारा, घरी येऊन गाडी उभी करून सीट पुढे-मागे करा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा आणि परत एकदा स्कॅन करा. हिस्ट्रीतसुद्धा काही आलं नाही तर काम झालं. स्कॅनर परत करायच्या आधी चॅसी नंबर हाताशी घ्या आणि कंपनीच्या वेबसाईटवर रिकॉल आहे का तेही टाकून बघा, टाकाटा या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरसाठी, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागासाठी, भारतातही गाड्या परत बोलावल्या गेल्या होत्या आणि तो दोष असलेल्या गाडीत हा दिवा लागत नाही. ती दुरुस्ती कंपनी फुकट करून देते.