जुनी मोठी गाडी बघायला निघण्याआधी

जुनी लक्झरी एसयूव्ही घ्यायची तर मोजपट्टी काढा, आणि सगळ्यात आधी आपलं पार्किंग मोजा. गाडी नंतर. ऑडी क्यू७ पाच मीटरहून लांब, आरसे सोडून जवळजवळ दोन मीटर रुंद आणि वजनाला दोन टनांच्या वर. रीडेव्हलपमेंट झालेल्या बिल्डिंगमध्ये स्टॅक पार्किंग, म्हणजे लिफ्टने एकावर एक गाड्या ठेवायची सोय, असेल तर त्याच्या खांबावर वजनाची आणि उंचीची मर्यादा लिहिलेली एक छोटी पाटी असते, ती सेक्रेटरीनेही कधी वाचलेली नसते. तुम्ही वाचा. आमच्या दादरच्या ओळखीतल्या एकाने गाडी घेतली, पेढे वाटले, आणि पुढचे चार महिने ती गल्लीत गुलमोहराखाली उभी होती, कारण लिफ्टने तिला उचलायला नकार दिला. त्या गुलमोहराकडे पुन्हा यायचं आहे.

पार्किंग जमलं की पैशांकडे या. ऐंशी लाखांची गाडी आठ-नऊ वर्षांनी अठरा लाखांना मिळते. गाडी स्वस्त होते, तिचे पार्ट होत नाहीत. ते ऐंशी लाखांच्या गाडीचेच राहतात, आणि त्यांना हात लावणाऱ्या मेकॅनिकची मजुरीही त्याच मापाची. म्हणून बयाणा देण्याआधी गाडीच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाएवढी रक्कम वेगळी ठेवा, असं मी सगळ्यांना सांगतो. अठरा लाखांत ‘बसवायची’ असेल तर पंधराची बघा.

आता विकणाऱ्याला आदल्या दिवशी फोन. सांगायचं एवढंच की गाडी रात्रभर हलवू नका, सकाळी सातला येतो, मी आल्याशिवाय सुरू करू नका. पिशवीत टॉर्च, टिश्यू पेपर आणि जुना टॉवेल घ्या. सोबत मेकॅनिक घ्या, उत्साही मेहुणा नको.

पहिली नजर गाडीच्या उभं राहण्यावर. रेंज रोव्हर, डिस्कव्हरी, मर्सिडीज जीएल, एअर सस्पेन्शनवाली क्यू७ या गाड्या स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभ्या असतात. रबराला बारीक चीर गेली की हवा रात्रभर हळूहळू सुटते आणि सकाळी एक कोपरा बसलेला दिसतो. पार्ल्यात मी अशीच एक बघायला गेलो होतो. मागच्या डाव्या चाकाच्या वर तीन बोटं आरामात जात होती, उजवीकडे एक बोट अडकलं. ‘साहेब, जमीन उतरती आहे,’ विकणारा म्हणाला. आमच्या मेकॅनिकने पाण्याची बाटली फरशीवर आडवी ठेवली. बाटली जागची हलली नाही. मग गाडी सुरू केली, फुग्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर घरघरला, कोपरा वर आला आणि विकणाऱ्याचा चेहरा उजळला. पण खरा खर्च त्या घरघरीतच असतो. गळकी हवा भरून काढायला कॉम्प्रेसर दिवसभर धावतो आणि शेवटी जळतो. फुगा एक खर्च, कॉम्प्रेसर दुसरा. मुंबईच्या खड्ड्यांत एक फुगा गेला की बाकीचेही त्याच वयाचे आहेत हे लक्षात ठेवा.

बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कोणीतरी आधीच इंजिन फिरवून आणलंय, घरी परत या. थंड असेल तर सुरू करताना गप्प उभे राहा आणि ऐका. बीएमडब्ल्यूच्या तीन लिटर डिझेलमध्ये टायमिंग चेन, म्हणजे इंजिनच्या हालचालींचा मेळ ठेवणारी साखळी, इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे असते. चेन सैल झाली की थंड सुरुवातीला मागून खडखड येते, आणि तिथे पोचायचं म्हणजे अर्धी गाडी सुटी करायची. लँड रोव्हरच्या तीन लिटर डिझेलमध्ये क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, जाण्याची तक्रार प्रसिद्ध आहे. तिथे ऑइल केव्हा, किती किलोमीटरवर आणि कुठलं बदललं याची बिलं दाखवता येत नसतील तर दिसायला कितीही देखणी असो, सोडून द्या.

मर्सिडीजच्या एमएल आणि जीएलमधल्या तीन लिटर व्ही-६ डिझेलची गंमत वेगळी. ऑइल कूलर इंजिनच्या दोन बाजूंच्या मधल्या घळीत खोल बसवलेला आहे. त्याचं रबरी सील उष्णतेने कडक होतं आणि ऑइल झिरपून इंजिनच्या मागून खाली उतरतं. सील किरकोळ किमतीचं, पण त्याच्यापर्यंत जायला टर्बोसकट वरचं सगळं काढावं लागतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला तो हाच. म्हणून रॅम्पवर गाडी चढवून इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर टिश्यू फिरवा. आधीच धुऊनपुसून चकचकीत केलेलं इंजिन मला तेलकट इंजिनापेक्षा जास्त संशयास्पद वाटतं.

गिअरबॉक्सचं ऑइल ‘लाइफटाइम’ आहे, बदलायचं नसतं, असं कोणी सांगेल. या गाड्यांपैकी बऱ्याचजणींचा आठ गिअरचा बॉक्स झेडएफ ही जर्मन कंपनी बनवते, आणि ऑइल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदला असं झेडएफच सांगते. चारही टायर एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले आहेत ना, तेही बघा. दोन नवे आणि दोन गुळगुळीत असले की चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर सतत ताण येतो. टायरवर चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. असे चार टायर लाखाच्या घरात जातात, तेव्हा भाव करताना तो आकडा मोठ्याने वाचायचा.

आता गुलमोहर. सनरूफच्या चारी कोपऱ्यांतून पाणी जायला बारीक नळ्या असतात. गुलमोहराची पानं आणि पाकळ्या त्यांत अडकल्या की जुलैतलं पाणी छतातून उतरून कार्पेटखाली साठतं, आणि या गाड्यांचे बरेच इलेक्ट्रॉनिक डबे नेमके सीटखाली, पायापाशी किंवा डिकीच्या कोपऱ्यात असतात. मॅट उचलून टॉवेल गुडघ्याने दाबा. ओला झाला तर दिवे, सीट, कॅमेरा, कशाचाच भरवसा नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून टोकाशी चिखलाची रेघ दिसते का ते बघा. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे दरवर्षी गाड्या बुडवतात आणि त्या गाड्या पॉलिश होऊन परत बाजारात येतात. वरळी किंवा बांद्र्याला समुद्रासमोर उभी राहिलेली गाडी वरून छान असते. रॅम्पवर असताना तिचे खालचे बोल्ट गंजलेत का ते बघा.

स्कॅन त्या त्या कंपनीच्या सिस्टिमनेच करा, बीएमडब्ल्यूला इस्टा, मर्सिडीजला झेंट्री. साधा स्कॅनर इंजिनचे कोड दाखवून गप्प बसतो. कंपनीच्या स्कॅनमध्ये किलोमीटर अनेक मॉड्यूलमध्ये, म्हणजे त्या इलेक्ट्रॉनिक डब्यांत, वेगवेगळे नोंदलेले सापडतात. मीटरवर ६२ हजार आणि एखाद्या मॉड्यूलमध्ये सव्वा लाख निघाले तर पुढे बोलायचंच कारण नाही.

कागद पटकन बघून होतात, पण बघा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, ट्रान्सफरला २९ आणि ३०. गाडी कंपनीच्या नावावर असेल, मुंबईत बऱ्याचदा असते, तर बोर्ड रिझोल्यूशन, म्हणजे गाडी विकायचा कंपनीचा ठराव, मागा. दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिथली दहा वर्षांची डिझेल स्वस्त मिळते. इथे नोंदवायला महाराष्ट्राचा कर भरावा लागतो आणि एजंटने आकडा सांगितला की स्वस्ताई संपते. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्यासोबत जातो. इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर हवंच. इंजिनात पाणी गेल्यावर किल्ली फिरवून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही.

डिझेलचा हिशेब सरळ आहे. शहरात लिटरला सात किलोमीटर आणि नव्वद रुपये भाव धरला तर महिना हजार किलोमीटरला तेरा हजारांच्या आसपास.

घेतलीच, तर पहिल्या आठवड्यात सगळी ऑइलं, कूलंट आणि फिल्टर बदला. बॅटरी बदललीत तर ती गाडीच्या कॉम्प्युटरवर नोंदवून घ्या, नाहीतर नवीही लवकर जाते. पार्टसाठी कुर्ला-कलिन्याच्या सीएसटी रोडवर चौकशी करा, पण सेन्सर तिथून जुना आणू नका, मी दोनदा आणला आहे. सनरूफच्या नळ्या मे महिन्यात साफ करून घ्या. आणि वॉचमनला आत्ताच सांगून ठेवा, साहेबांची गाडी झाडाखाली लावायची नाही.